आपला अभ्यासक्रम आपणच आखावा काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "आता कोणती साईड घ्यायची?" कला, वाणिज्य आणि विज्ञान असे तीन दरवाजे पुढे उभे असतात. त्यांच्या आत विषयांचे ठरावीक कप्पे असतात. गुणपत्रिकेवरील आकडा ज्या दरवाजाकडे बोट दाखवील, त्या दरवाजातून आपला मुलगा किंवा मुलगी आत जाते. हे दरवाजे कोणी बसविले, दोन कप्प्यांमध्ये भिंत का घातली, आणि ती भिंत ओलांडण्याची मुभा कोणास आहे, हे विचारण्याची आपणास सवय नाही. ज्या समाजाला शतकानुशतके शाळेच्या उंबरठ्यावरच अडविण्यात आले, त्याला आत प्रवेश मिळाला हीच गोष्ट इतकी मोठी वाटते की, आत गेल्यावर काय शिकावयाचे हे ठरविण्याचाही आपणास हक्क आहे, याचे भान येण्यास वेळ लागतो.

वाचकहो, या हक्काविषयीच आज आपणाशी बोलावयाचे आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत अशी एक पद्धती आहे की, विद्यापीठाने छापलेल्या विषयांच्या यादीत विद्यार्थ्याला आपल्या मनातला विषय सापडला नाही, तर दोन-तीन विद्याशाखांतील अभ्यास एकत्र गुंफून तो स्वतःचा मुख्य विषय स्वतः आखू शकतो. तो आराखडा लेखी प्रस्तावाच्या रूपाने प्राध्यापकांच्या समितीपुढे ठेवावा लागतो, आणि समितीने मान्यता दिल्यास त्याच विषयात त्याला पदवी मिळते. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात येऊन बसला आहे. तेव्हा आपल्या मुलांनी या मार्गाने जावे काय, आणि असा मार्ग आपल्या विद्यापीठांत खुला व्हावा अशी मागणी आपण करावी काय, असे दोन प्रश्न उभे राहतात.

आमचे उत्तर दोन्ही प्रश्नांना होकारार्थी आहे. परंतु ते विनाअट नाही. विषय स्वतः आखण्याचे स्वातंत्र्य म्हणजे अभ्यासातून सुटका नव्हे. ज्याच्यापाशी स्वतःचा प्रश्न आहे, एका तरी विद्येत खोल उतरण्याची तयारी आहे आणि पदवीच्या कागदाचे पुढे काय होणार याची आधी केलेली चौकशी आहे, त्यानेच हा मार्ग धरावा. या तीन गोष्टींशिवाय जो जाईल, त्याच्या हाती सुंदर नावाची पण पोकळ पदवी येण्याचा धोका आहे, आणि तो धोका श्रीमंताच्या मुलापेक्षा आपल्या मुलाला अधिक महाग पडेल.

ही पद्धती आली कोठून?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील महाविद्यालयांतही सर्वांना एकच ठरावीक अभ्यासक्रम असे. ग्रीक, लॅटिन, गणित आणि धर्मशिक्षण यांतून कोणाची सुटका नव्हती. चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांनी विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडावेत ही पद्धती तेथे रुजविली. तिचा लाभ झाला, तसा दोषही दिसून आला. काही विद्यार्थी सोपे सोपे विषय वेचून पदवीधर होऊ लागले. इकडचे थोडे, तिकडचे थोडे, आणि पुरते काहीच नाही. म्हणून एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी नियम केला की, प्रत्येकाने एका क्षेत्रात सखोल अभ्यास केलाच पाहिजे आणि उरलेले विषय निरनिराळ्या शाखांत विभागून घेतले पाहिजेत. आजचा 'मुख्य विषय' हा या नियमाच्या वळणाचा आहे. स्वातंत्र्य हवे आणि शिस्तही हवी, या दोन मागण्यांमधील ओढाताण ही अशी शंभर वर्षांहून जुनी आहे.

पुढचे पाऊल १९६० नंतरच्या दशकात पडले, आणि ते विद्यार्थ्यांनी टाकले ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. ब्राउन विद्यापीठात इरा मॅगझिनर आणि इलियट मॅक्सवेल या विद्यार्थ्यांनी आपल्या सहाध्यायांसह उच्च शिक्षणाचाच अभ्यास हाती घेतला, आणि विद्यापीठाने कसे शिकवावे याविषयी चारशेहून अधिक पानांचा अहवाल तयार केला. नुसती घोषणा देऊन ते थांबले नाहीत. वाचन केले, मांडणी केली, मग मागणी केली. १९६९ मध्ये प्राध्यापकवर्गाने त्या धर्तीवर नवा अभ्यासक्रम स्वीकारला आणि विद्यार्थ्याने स्वतः आखलेल्या मुख्य विषयालाही तेथे स्थान मिळाले. १९७० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात हॅम्पशायर कॉलेज उघडले. तेथे नेहमीचे विषयविभाग नव्हते. प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अभ्यास मार्गदर्शकांच्या साहाय्याने आखावयाचा आणि शेवटचे वर्ष एका मोठ्या स्वतंत्र कामाला द्यावयाचे, अशी ती रचना होती. न्यूयॉर्क विद्यापीठात १९७२ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगातून पुढे गॅलॅटिन स्कूल उभे राहिले. तेथील विद्यार्थी आपला विषय कसा घडला याचे लेखी निवेदन देतो, आणि अखेरीस वीस-पंचवीस ग्रंथांची यादी घेऊन तीन प्राध्यापकांपुढे तोंडी चर्चेस बसतो.

या प्रयोगांची एक बाजू मात्र कोणी लपवू नये. ते बहुधा अशा संस्थांत वाढले, जेथे विद्यार्थ्यांच्या मानाने प्राध्यापक पुष्कळ आणि शुल्कही भारी. हॅम्पशायर कॉलेज २०१९ मध्ये आर्थिक संकटात इतके सापडले की, त्या वर्षी नवे विद्यार्थी नेहमीप्रमाणे घेणेही त्याला शक्य झाले नाही. एकेका विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणजे एकेका विद्यार्थ्यासाठी प्राध्यापकाचा स्वतंत्र वेळ, आणि त्या वेळेचे मोल कोणी तरी द्यावेच लागते.

प्रस्तावात काय असावे लागते?

"मला अमुक आवडते" एवढ्याने समितीचे समाधान होत नाही. विद्यापीठागणिक तपशील बदलतात. पण विचारले जाणारे प्रश्न बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. तुमच्या अभ्यासाचा मध्यवर्ती प्रश्न कोणता? जो विषय विद्यापीठात आधीपासून शिकविला जातो, त्यात राहून या प्रश्नाचा अभ्यास का होऊ शकत नाही? कोणते पाठ, कोणत्या सत्रात, कोणत्या क्रमाने घेणार? त्यांतील प्रगत पाठांना लागणारी पूर्वतयारी तुम्ही केली आहे काय? हे पाठ त्या वर्षी खरोखर शिकविले जाणार आहेत काय? कोणत्या प्राध्यापकाने मार्गदर्शनास संमती दिली आहे? आणि शेवटी तुम्ही कोणते काम पुरे करून दाखविणार, ज्यावरून हे सर्व धागे एका वस्त्रात विणले गेले हे कळेल?

यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. पुष्कळ प्रस्ताव तेथेच अडखळतात. जो प्रश्न अर्थशास्त्र मुख्य विषय आणि समाजशास्त्र दुय्यम विषय घेऊन सुटतो, त्यासाठी नवे नाव काढण्याचे प्रयोजन नाही. समितीने प्रस्ताव परत पाठविला, तर तो अपमान समजू नये. दुरुस्त करून पुन्हा द्यावा. आपल्या म्हणण्याला लेखी आकार देणे, त्यावरील आक्षेप ऐकणे आणि आक्षेपाला पुराव्याने उत्तर देणे, हे शिक्षण प्रस्ताव मंजूर होण्यापूर्वीच मिळते. आमच्या मते तेच त्यातील मोलाचे शिक्षण होय.

साठ पाठांचा हिशेब

येथे कोणी म्हणेल, ही परदेशी श्रीमंतांची हौस आपणास काय कामाची? त्याला उत्तर शोधण्यासाठी आपणास दूर जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. तेथील तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या पाठांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी १. एकूण साठ.

हा हिशेब आपण सर्वांनी नीट वाचावा. बाबासाहेबांनी स्वतःचा विषय आखून त्याला नवे नाव दिले, असे आम्ही म्हणत नाही. ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते आणि १९१५ साली त्यांनी एम.ए. पदवी घेतली ती अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊनच. परंतु या साठ पाठांची रचना पाहिली म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, जवळजवळ निम्मे पाठ एकाच विद्येचे आहेत. पाया खोल खणला आहे. दुसरी ही की, उरलेले निम्मे पाठ पाच-सहा दिशांना पसरले आहेत. पण ते विखुरलेले नाहीत. प्रत्येक दिशा एका प्रश्नाकडे वळते : भारतीय समाज असा का घडला, आणि तो बदलावयाचा तर कशाने?

त्याचे फळ लवकरच दिसले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादवर्गात या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींची उत्पत्ती, यंत्रणा आणि विकास यांवर निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जातीचा प्रश्न केवळ धर्मशास्त्राच्या पोथीत शोधणाऱ्यांना तो सापडला नव्हता. विवाहाचे नियम, लोकसंख्येतील स्त्री-पुरुषांचे प्रमाण, अनुकरणाची सामाजिक प्रक्रिया, असे अनेक शास्त्रांतले धागे एकत्र आणल्यावर तो उलगडू लागला. जो प्रश्न आपल्या जीवनावर येऊन आदळतो, तो विद्यापीठाचे विभाग पाहून आदळत नाही. म्हणून त्याचा अभ्यासही एका विभागात पुरा होत नाही.

खोली आधी आणि विस्तार तिच्या आधाराने, हा धडा या साठ पाठांत आहे. विस्तारच हवा आणि खोली नको असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने बाबासाहेबांचे नाव घेऊ नये.

एक नमुना आखून पाहू

कल्पना करा की, आपल्यापैकी एखाद्या सफाई कामगाराच्या मुलीला भुयारी गटारात होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास करावयाचा आहे. कोणता विभाग तिला घेईल? स्थापत्य अभियांत्रिकीत तिला गटाराचा उतार, प्रवाहाचा वेग आणि तुंबण्याची कारणे शिकविली जातील. पण आत उतरणारा माणूस कोण, हे तेथे शिकविले जाणार नाही. रसायनशास्त्रात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू बंदिस्त जागेत कसे साचतात हे कळेल. पण ठेकेदाराने वायू मोजण्याचे साधन का दिले नाही, हे कळणार नाही. समाजशास्त्रात विशिष्ट जातींचीच माणसे या कामात का, याची चर्चा होईल. पण ते काम यंत्राने कसे करावे, याचे उत्तर नसेल. कायद्याच्या वर्गात १९९३ आणि २०१३ चे अधिनियम शिकविले जातील. संरक्षक साधनांविना गटारात आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरविण्यास २०१३ च्या अधिनियमाने मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी वारसांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे, यंत्रेही आहेत. तरी माणसे मरतात. हे का? नगरपालिकेचा अर्थसंकल्प आणि निविदा वाचल्यावाचून याचे उत्तर मिळत नाही. आणि तो विषय पुन्हा लोकप्रशासनात, किंवा वाणिज्य शाखेत!

असा प्रश्न हा स्वतंत्र अभ्यासक्रमाचा खरा अधिकारी आहे. त्या मुलीचा प्रस्ताव कसा असावा? 'शहरातील मैलापाणी : तंत्र, श्रम आणि कायदा' असे सरळ नाव असावे. मध्यवर्ती प्रश्न एका वाक्यात असावा : मनाई असूनही माणूस गटारात का उतरविला जातो आणि ते कोणत्या उपायाने थांबेल? यानंतर तिने एक विद्या पाया म्हणून निवडावी. ती पर्यावरण अभियांत्रिकी असेल, लोकप्रशासन असेल किंवा समाजशास्त्र असेल. पण एक असावी, आणि निम्म्याच्या आसपास पाठ तिचे असावेत. तिच्या भोवती बाकीच्या विद्यांचे पाठ क्रमाने मांडावेत. संख्याशास्त्र आणि क्षेत्रपाहणीची पद्धती यांचा एकेक पाठ असलाच पाहिजे. कारण पुरावा गोळा करता आला नाही तर तळमळ व्याख्यानातच संपते. आणि शेवटचे काम? एका प्रभागातील सर्व मॅनहोल नकाशावर नोंदवावेत. कोणत्या ठिकाणी यंत्र पोहोचते आणि कोणत्या गल्लीत पोहोचत नाही ते पाहावे. निविदेतील दर आणि यंत्राचा खर्च यांची तुलना करावी. कामगारांच्या मुलाखती घ्याव्यात. हे काम पुरे करून ती महानगरपालिकेच्या सभागृहाबाहेर उभी राहिली, तर तिच्या हातातील कागद केवळ अर्ज राहणार नाही.

समितीतील कोणी विचारील की, हा प्रश्न फार अरुंद नाही काय? तिने उत्तर द्यावे की, ज्यात शहराची रचना, राज्याचा कायदा, पालिकेचा पैसा आणि समाजाची जातिव्यवस्था एकत्र येतात, तो प्रश्न अरुंद नाही. तो आजवर एकत्र पाहिला गेला नाही, एवढेच.

कागदाचे मोल

आता सावधगिरीचे शब्द. उपजीविकेचा प्रश्न बाजूला ठेवून शिक्षणावर बोलणे आपणास परवडत नाही.

अमेरिकेतील विल शॉर्ट्झ या गृहस्थांनी इंडियाना विद्यापीठात स्वतः आखलेल्या विषयात, म्हणजे कोड्यांच्या शास्त्रात, १९७४ साली पदवी घेतली. त्या विषयाची पदवी त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणापाशी नाही, असे सांगितले जाते. १९९३ पासून ते 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राच्या शब्दकोड्यांचे संपादक म्हणून जगभर ओळखले गेले. ही कथा मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. पण मधली एक गोष्ट पुष्कळदा गाळली जाते. कोड्यांच्या पदवीनंतर त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठातून १९७७ साली कायद्याची पदवीही घेतली होती. वकिली त्यांनी केली नाही. परंतु पाठीशी आधार होता. आपल्या मुलांनीही आधाराचा विचार आधी करावा.

स्वतः आखलेली पदवी परवाना देत नाही. गटारांचा अभ्यास करणाऱ्या त्या मुलीला पालिकेत अभियंता व्हावयाचे असेल, तर स्थापत्य अभियांत्रिकीचीच पदवी लागेल. न्यायालयात उभे राहावयाचे असेल, तर एलएल.बी. आणि वकील परिषदेची सनद लागेल. महाविद्यालयात अध्यापक व्हावयाचे असेल, तर संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट यांसारखी पात्रता विचारली जाईल, तेथे "संबंधित विषय कोणता?" या प्रश्नाशी नव्या नावाची पदवी अडखळू शकते. याउलट केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला मान्य विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. तेव्हा पुढे कोठे जावयाचे, हे ठरवून मगच नाव ठरवावे.

आपल्या देशात १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाप्रमाणे आयोगाने निर्दिष्ट केलेल्या पदव्याच विद्यापीठाला देता येतात. म्हणून पदवीचे नाव बी.ए., बी.एस्सी. असे परिचित असावे आणि आपला आखलेला विषय तिच्या आत नोंदविला जावा, हेच हिताचे. प्रवेश घेण्यापूर्वी तो अभ्यासक्रम शिष्यवृत्तीच्या मान्य यादीत आहे की नाही हे लेखी विचारावे. परदेशातून पदवी घेतली तर येथे तिची समकक्षता मान्य करून घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे. तोंडी आश्वासनावर एक पैसाही भरू नये.

आणखी एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशात पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासासाठी मिळणाऱ्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत केंद्र सरकारने २०२२ मध्ये असा बदल केला की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास यांवरील संशोधनाला ती मिळणार नाही. त्यामागील युक्तिवाद असा की, भारताचा अभ्यास भारतातच उत्तम होतो. वाचकहो, १९१६ च्या त्या निबंधाला हा नियम लावून पाहा. न्यूयॉर्कमध्ये बसून जातीवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या नियमाखाली पैसा मिळाला असता काय? प्रश्न निवडण्याचा हक्क आणि त्या प्रश्नासाठी साधने मिळण्याचा हक्क हे एकाच हक्काचे दोन भाग आहेत. एक देऊन दुसरा काढून घेतला, तर पहिल्याला अर्थ उरत नाही.

आपण काय मागावे?

आयोगाने २०२२ च्या अखेरीस पदवी अभ्यासाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक ठेवले आहेत. मुख्य विषय, दुय्यम विषय आणि इतर शाखांतील निवडीचे विषय अशी त्याची विभागणी आहे. श्रेयांक एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता यावेत म्हणून २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढीही उभारण्यात आली. दिल्ली विद्यापीठाच्या क्लस्टर इनोव्हेशन सेंटरमध्ये त्याहीपूर्वी निरनिराळ्या महाविद्यालयांतील पाठ निवडून पदवी आखण्याचा प्रयोग सुरू झाला होता. म्हणजे कागदावर वाट बरीचशी मोकळी आहे. परंतु जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात 'निवड' म्हणजे जो अध्यापक उपलब्ध आहे त्याचा विषय, एवढाच अर्थ उरतो. जेथे मंजूर पदेच रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक चार ठिकाणी धावत आहेत, तेथे विद्यार्थ्याने कोणाला मार्गदर्शक करावे?

म्हणून आमचे म्हणणे असे की, ही सोय केवळ भारी शुल्काच्या खाजगी विद्यापीठांत राहता कामा नये. सार्वजनिक विद्यापीठांनी स्वतः आखलेल्या विषयासाठी स्थायी समिती नेमावी. मार्गदर्शनाचे तास अध्यापकाच्या कामात मोजले जावेत. प्रस्तावाचा नमुना आणि निकष मराठीतून छापलेले असावेत. प्रस्ताव नाकारल्यास कारणे लेखी द्यावीत आणि त्यावर दाद मागता यावी. ही शेवटची मागणी आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या पद्धतीत विद्यार्थ्याचे भवितव्य एका मार्गदर्शकाच्या आणि तीन परीक्षकांच्या मर्जीवर असते, तेथे आडनाव पाहून मर्जी बदलण्याचा धोका आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगावा लागेल! लेखी परीक्षेच्या बैठकक्रमांकाने आपल्या मुलांना जे थोडे संरक्षण दिले, ते तोंडी चर्चेच्या नावाखाली काढून घेतले जाऊ नये.

आणि बंधुभगिनींनो, सरकारकडे व विद्यापीठाकडे मागावयाचे ते मागूच. पण घरातही एक बदल केला पाहिजे. मुलगा किंवा मुलगी जेव्हा म्हणते की, "मला हे दोन विषय एकत्र शिकावयाचे आहेत," तेव्हा "असले खूळ नको, नोकरी लागेल ते कर," असे म्हणून तिला गप्प करू नका. लगेच होकारही देऊ नका. तिला विचारा : तुझा प्रश्न कोणता? तो एका वाक्यात सांग. कोणती एक विद्या तू पक्की करणार? तुला शिकविणार कोण? या पदवीवर पुढे कोठे अर्ज करता येईल? या चार प्रश्नांची उत्तरे तिने कागदावर लिहून आणली, तर समजा की प्रस्तावाचा निम्मा भाग तयार झाला. उत्तरे आली नाहीत, तर तिने परिचित विषय घ्यावा आणि प्रश्न मनात जपून ठेवावा. पदव्युत्तर शिक्षणात त्याला पुन्हा संधी मिळते.

कोणी काय करावे हे जन्माने ठरविणारी व्यवस्था आपण नाकारली आहे. कोणी काय शिकावे हे छापील यादीनेच ठरवावे, असा आग्रहही मग आपणास धरता येणार नाही. परंतु यादी नाकारणाऱ्यावर दुसरी यादी स्वतः करण्याची जबाबदारी येते. ती करण्यासाठी आपल्या मुलांनी बसावे, लिहावे, खोडावे, पुन्हा लिहावे, आणि समितीपुढे ताठ मानेने जाऊन आपला प्रश्न मांडावा.